चीन जपानकडे शिकायला कसा गेला? (1896 पासूनची गोष्ट)

मृण्मयी_प

चीन आणि जपान म्हटलं की आपल्याकडे 1937 चं युद्ध, नानजिंगचं हत्याकांड, नाहीतर हल्लीची बेटांची भांडणं एवढंच बोललं जातं. पण त्याच्या आधी एक काळ असा होता की चीनची हजारो मुलं टोकियोत शिकत होती आणि चीनचे अधिकारी जपानी शाळांचे नियम, वेळापत्रकं, शिक्षक कसे तयार करतात ते सगळं वहीत उतरवून घेत होते. आणि हे सगळं कुणाकडून, तर ज्याने नुकतंच युद्धात लोळवलं त्याच्याकडून. मला हा इतिहास फार महत्त्वाचा वाटतो आणि मराठीत त्यावर फारसं वाचायला मिळत नाही म्हणून धागा काढतेय.

आधी पार्श्वभूमी. शतकानुशतकं उलटा प्रकार होता, जपानने चीनकडून घ्यायचं. लिपी, कन्फ्यूशियसचे ग्रंथ, राज्यकारभार, सगळंच. त्यामुळे जपानकडे शिकण्यासारखं काही असेल हे चिनी पंडितांच्या मनातही येत नव्हतं. 1877 मध्ये चीनची पहिली वकिलात टोकियोत आली, तिच्यात हुआंग झुनश्येन नावाचा अधिकारी होता. जपानने 1872 मध्ये देशभर शाळांचा कायदा केला होता, मुलगा असो की मुलगी सगळ्यांनी शाळेत जायचं असा. हुआंगने हे सगळं जवळून पाहिलं, जपानवर 40 भागांचा ग्रंथ लिहिला, 1887 मध्ये पुरा केला आणि वरिष्ठांकडे पाठवला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. 1894-95 चं युद्ध झालं, चीन हरला, शिमोनोसेकीच्या तहात 20 कोटी तैल (चिनी वजनाचं माप) चांदी खंडणी द्यायचं ठरलं आणि तैवानही गेलं, तेव्हा कुठे तो ग्रंथ लोकांच्या हातात पडला. हा ग्रंथ वेळेवर वाचला असता तर ते 20 कोटी वाचले असते असं तेव्हा बोललं गेलं.

मग 1896 मध्ये पहिले 13 विद्यार्थी जपानला गेले. वय 18 ते 32, परीक्षा घेऊन निवडलेले. जपानचे शिक्षणमंत्री सायोंजी किनमोची यांनी त्यांना कानो जिगोरो यांच्या हवाली केलं. हो, ज्यूदोवाले कानोच. ते तेव्हा टोकियोच्या उच्च शिक्षक प्रशिक्षण विद्यालयाचे प्रमुख होते. टोकियोच्या कान्दा भागात एक घर घेऊन तिथे शिकवायची सोय केली, जपानी भाषा, गणित, विज्ञान आणि व्यायाम. काही जण थोड्याच दिवसांत परत गेले, जेवण मानवेना आणि रस्त्यात पोरं डोक्यावरच्या लांब वेणीवरून चिडवायची. ती वेणी तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजांनी सक्तीची केलेली, कापली तर घरी राजद्रोह. तीन वर्षांनी 7 जण अभ्यास पुरा करून बाहेर पडले.

तेरातले सात म्हणजे फार नाही, पण पुढच्या दहा वर्षांत हा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. हे कसं झालं त्यावर बोलूया.

टिळकरोड

छान विषय. पण एक प्रश्न, चीनला पाश्चात्त्य विद्याच हवी होती ना, मग सरळ इंग्लंड-अमेरिकेला का नाही गेले? जपानने स्वतः तेच केलं होतं.

मृण्मयी_प

गेले होते की, आणि जपानला जायच्या कितीतरी आधी गेले होते. 1872 पासून चीनने अमेरिकेला 120 लहान मुलं पाठवली, चार तुकड्यांत. येलमध्ये शिकलेल्या युंग विंग यांची ती योजना. पण मुलं बेसबॉल खेळायला लागली, चर्चमध्ये जायला लागली, मग दरबारातले लोक बिथरले आणि 1881 मध्ये सगळ्यांना परत बोलावलं, बहुतेकांचं शिक्षण अर्धवटच राहिलं.

म्हणून 1898 मध्ये झांग झिदोंग यांनी जे मांडलं ते इतकं पटलं. हे हुबेई-हुनानचे गव्हर्नर-जनरल, जुन्या वळणाचे पण व्यवहारी. त्यांनी शिक्षणावर एक पुस्तिका लिहिली आणि बादशहाच्या हुकमाने ती प्रांतोप्रांती वाटली गेली. त्यात ते म्हणतात की परदेशात एक वर्ष राहणं हे घरी बसून पाच वर्षं पाश्चात्त्य पुस्तकं वाचण्यापेक्षा बरं, आणि परदेशांत जपान सगळ्यात बरा. कारणं साधी आहेत, जवळ आहे म्हणून खर्च कमी, जास्त मुलं पाठवता येतात, लिपी ओळखीची, चालीरीती जवळच्या, आणि पाश्चात्त्य पुस्तकांतलं जे आपल्याला नको ते जपान्यांनी आधीच गाळून ठेवलंय. हे शेवटचं नीट वाचा. म्हणजे त्यांना जपान हा जपान म्हणून नको होता, त्यांना गाळून घेतलेलं युरोप हवं होतं, ज्यात यंत्रं आणि शाळा आहेत पण राजाला प्रश्न विचारणारे लोक नाहीत. माझं तर म्हणणं आहे की पुढे जे काही झालं ते सगळं या एका अपेक्षेतून झालं आणि ही अपेक्षाच खोटी ठरली.

शाळामास्तर

मृण्मयीताई, धाग्याबद्दल आभार. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं त्यामुळे मला विद्यार्थ्यांपेक्षा ते जे शाळा बघायला गेले त्यांच्यात जास्त रस आहे, त्यांच्याबद्दल लिहितो.

1900 मध्ये परदेशी लोकांविरुद्ध झालेल्या बॉक्सर बंडानंतर आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या आणि दरबाराला पळावं लागलं. त्यानंतर 1901 पासून दरबाराने "नवी धोरणं" जाहीर केली आणि त्यात शिक्षण सगळ्यात पुढे. पण शाळा काढा म्हणणं सोपं, ती चालवायची कशी हे कुणाला माहीत होतं? शांघायमध्ये लुओ झेन्यू यांनी 1901 मध्ये फक्त शिक्षणाला वाहिलेलं एक नियतकालिक सुरू केलं, त्याच्या संपादनात वांग ग्वोवेई होते जे पुढे फार मोठे विद्वान म्हणून गाजले. त्यात जपानचे शिक्षणाचे कायदेच्या कायदे भाषांतर करून छापायचे. प्राथमिक शाळेचा हुकूम, शिक्षक प्रशिक्षणाचे नियम, शाळा तपासणीचे नियम. आज कुणाला कंटाळवाणं वाटेल पण ज्याला शून्यातून शाळा उभी करायचीय त्याला हेच लागतं, मोठी तत्त्वं नंतर.

आणि मग वू रुलुन. हे माझे आवडते. साठी उलटलेले गृहस्थ, जुन्या पद्धतीचे नावाजलेले गद्यलेखक. बीजिंगच्या नव्या राजकीय विद्यापीठाचे, म्हणजे आजच्या बीजिंग विद्यापीठाचे, मुख्य अध्यापक म्हणून त्यांना बोलावलं तर ते म्हणाले की मी आधी जपान बघून येतो. 1902 मध्ये गेले आणि काही महिने नुसते शाळा बघत हिंडले. नागासाकी, कोबे, ओसाका, क्योतो, टोकियो. शिक्षण खात्यात त्यांच्यासाठी खास व्याख्यानं ठेवली होती, शाळेचं आरोग्य, इमारत, व्यवस्थापन असल्या विषयांवर, या वयात ते बसून टिपणं काढत होते. इसावा शूजी नावाच्या जपानी शिक्षणतज्ज्ञाने त्यांना सांगितलं की देशभर एक बोलीभाषा शाळेतून शिकवल्याशिवाय राष्ट्र म्हणून उभं राहता येणार नाही, ते वूंनी मनावर घेतलं आणि वरिष्ठांना कळवलं. सगळी टिपणं त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली. 1903 मध्ये ते वारले, विद्यापीठात शिकवायला बसलेच नाहीत.

जानेवारी 1904 मध्ये चीनची पहिली खऱ्या अर्थाने लागू झालेली शिक्षणव्यवस्था जाहीर झाली, सांगाडा बराचसा जपानी. प्राथमिक खालची, प्राथमिक वरची, माध्यमिक, उच्च विद्यालय, विद्यापीठ, आणि बाजूने शिक्षक प्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षणाचे फाटे. पण आत डोकावून पाहा. खालच्या प्राथमिक शाळेत आठवड्याला 30 तास, त्यातले 12 तास फक्त प्राचीन ग्रंथांचं पठण. सात वर्षांच्या पोराला. आणि मुलींना शाळाच नाही, त्यांच्यासाठी नियम यायला 1907 उजाडलं. पुढे 1906 मध्ये शिक्षणाची पाच उद्दिष्टं जाहीर केली, बादशहावर निष्ठा, कन्फ्यूशियसचा आदर, सार्वजनिक वृत्ती, लढाऊ वृत्ती, व्यवहारोपयोग. जपानच्या 1890 च्या शिक्षणविषयक राजाज्ञेची छाप यातल्या पहिल्या दोनांवर सरळ दिसते. जपानमध्ये शाळा आणि राजनिष्ठा जशी एकत्र बांधली होती तसंच आपल्याकडे होईल असं दरबाराला वाटत होतं. पण जपानची राजवट नवी, जिंकणारी होती आणि इकडे बीजिंगचा दरबार हरत हरत आलेला, त्यामुळे तीच गाठ इकडे बसणं शक्य नव्हतं.

निनाद_टोकियो

मास्तर, वू रुलुन यांच्याबद्दल मला माहीतच नव्हतं, मस्त लिहिलंय.

मी टोकियोत राहतो आणि कान्दा-जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी नेहमी जाणं होतं. तो सगळा भाग एकेकाळी चिनी विद्यार्थ्यांचा. तिथे एका छोट्या बागेत एक दगड आहे, चाऊ एन-लाय (पुढे चीनचे पंतप्रधान) इथे शिकले असा. हे खूप जणांना माहीत नसतं. ते 1917 मध्ये आले, मात्सुमोतो कामेजिरो यांच्या तयारी वर्गात जपानी शिकले, आणि 1918 मध्ये दोन प्रवेश परीक्षा दिल्या, उच्च शिक्षक विद्यालय आणि पहिलं उच्च विद्यालय, दोन्हीत नापास. 1919 च्या एप्रिलमध्ये परत गेले. परतीच्या वाटेवर क्योतोच्या आराशियामाला पावसात लिहिलेली त्यांची कविता तिथे दगडावर कोरलीय, 1979 मध्ये लावला तो.

हे मात्सुमोतो म्हणजे जन्मभर चिनी मुलांना जपानी शिकवलेला माणूस. आधी कानोंच्या शाळेत, मग बीजिंगमध्ये, मग 1914 मध्ये स्वतःची शाळा काढली. 1923 च्या भूकंपात ती गेली तर परत उभी केली. कानोंच्या त्या शाळेत, म्हणजे कोबुन गाकुइनमध्ये, त्यांच्या हाताखाली पुढे चीनचे मोठे लेखक झालेले लू शुनही शिकले होते. ती शाळा 1902 ते 1909 चालली, सात हजारांहून जास्त चिनी मुलांनी नाव घातलं, अभ्यास पुरा केलेले साधारण निम्मे.

लू शुन यांचं तर लिहायलाच हवं. कोबुन करून 1904 मध्ये ते सेंदाईला वैद्यकीय शाळेत गेले, कारण टोकियोत चिनी विद्यार्थ्यांची गर्दी त्यांना नको झाली होती. त्यांनीच नंतर लिहिलंय की उएनोच्या बागेत चेरी फुलली की ही मंडळी थव्याने येणार, वेणी डोक्यावर गुंडाळून वर शाळेची टोपी, त्यामुळे टोपीचा फुजी पर्वत झालेला. सेंदाईला शरीररचना शिकवायला फुजिनो गेनकुरो. त्यांनी या एकट्या चिनी मुलाची वही मागून घेतली आणि परत दिली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लाल शाईने दुरुस्त केलेली, राहून गेलेलं लिहिलेलं, व्याकरणाच्या चुकाही सुधारलेल्या. आणि हे आठवड्याच्या आठवड्याला चाललं. वर्षाअखेरीला लू शुन 142 जणांत 68 वे आले तर काही जपानी मुलांनी आरोप केला की फुजिनोंनी प्रश्न आधी सांगितले. खरं तर फुजिनोंच्याच विषयात ते नापास होते.

पुढचं माहीत असेल, वर्गात रशिया-जपान युद्धाच्या काचेच्या स्लाइड दाखवल्या, त्यात हेर म्हणून एका चिनी माणसाचं डोकं उडवतायत आणि भोवती चिनी लोकच नुसते बघतायत. लू शुननी वैद्यक सोडलं, 1906 मध्ये. जाताना फुजिनोंनी स्वतःचा फोटो दिला, मागे "निरोप" अशा अर्थाचे दोन शब्द लिहून. तो फोटो लू शुननी नंतर बीजिंगच्या घरी टेबलासमोर भिंतीवर लावला होता. एकाच शाळेत त्यांना इतका चांगला मास्तर भेटला आणि इतका अपमानही झाला, मला वाटतं त्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं जपान असंच होतं.

सुलभाताई

वाचतेय, फार चांगला धागा. मुलींचा विषय मास्तरांनी एका ओळीत सांगितला म्हणून मी जरा भर घालते.

सरकारी नियमांत मुली नव्हत्या पण मुली टोकियोत पोचल्याच होत्या, बहुतेक भाऊ-वडील-नवऱ्याबरोबर आलेल्या. शिमोदा उताको म्हणून बाई होत्या, राजघराण्यात वावरलेल्या, त्यांनी 1899 मध्ये जिस्सेन ही मुलींची शाळा काढली आणि चिनी मुलींसाठी वेगळे वर्ग चालवले. त्यांची शिकवण म्हणजे शिकलेली, काटकसरी, देशाला चांगली मुलं देणारी आई. त्याच शाळेत चिउ जिन शिकली, 1904 मध्ये ती जपानला आली होती, दोन मुलांना घरी ठेवून, दागिने विकून, एकटी. किमोनो घालून हातात उघडा खंजीर असा तिचा फोटो प्रसिद्ध आहे. शिमोदाबाईंना हवी तशी गृहिणी ती झाली नाही, क्रांतिकारक झाली, परत जाऊन शाओशिंगच्या शाळेत शिकवता शिकवता उठावाची तयारी केली आणि जुलै 1907 मध्ये तिला मारलं. अवघी एकतिशीतली बाई.

उलट दिशेनेही बायका गेल्या. कावाहारा मिसाको ही तरुण शिक्षिका 1902 मध्ये शांघायच्या मुलींच्या शाळेत शिकवायला गेली, आणि तिथून पुढे पार मंगोल राजाच्या मुलखात, कारचिनला, मुलींची शाळा काढायला. विचार करा त्या काळात तो प्रवास.

आणि आता आपल्याकडचं. जपानी मुलींच्या शिक्षणाकडे फक्त चीनच बघत होता असं नाही. नारुसे जिन्झो यांनी 1901 मध्ये टोकियोत जपान महिला विद्यापीठ काढलं, त्याची माहितीपुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली आणि त्यावरून 1915 च्या मुंबईतल्या सामाजिक परिषदेत त्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना अध्यक्षीय भाषणात मांडली. 1916 मध्ये ते विद्यापीठ निघालं, तेच पुढे एसएनडीटी. मातृभाषेतून शिक्षण आणि बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम हे दोन्ही मुद्दे जपानकडे बघून कर्व्यांना पक्के वाटले. एक माहितीपुस्तिका पुण्यात पोचली आणि त्यातून विद्यापीठ उभं राहिलं, कुणी सक्ती नाही, कुणी हरवलं नाही. चीनला हे सुख नव्हतं, तिथे प्रत्येक जपानी शाळेच्या मागे जपानी फौज उभी होती.

अभय_सातारकर

सुलभाताईंचं शेवटचं वाक्य फार बरोबर आहे आणि मला तिथूनच बोलायचंय. वरच्या काही पोस्टमधून असं वाटेल की जपानी मास्तर सगळे देवमाणूस. काही होते, मान्य. पण जपान सरकारला हे कशाला हवं होतं? 1898 मध्ये बीजिंगमधले जपानी राजदूत यानो फुमिओ यांनी चीनचे 200 विद्यार्थी घ्यायची तयारी दाखवली आणि स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्याला पत्रात सरळ लिहिलं की हे लोक परत गेले की आपला प्रभाव त्या खंडावर आपोआप पसरेल, लष्कर शिकलेले जपानी पद्धतीचं लष्कर उभारतील, विज्ञान शिकलेले यंत्रसामग्री आणि माणसं जपानकडून मागवतील. म्हणजे शिक्षण हे गुंतवणूक म्हणून.

आणि शाळांचा धंदाही झाला होता. 1905 च्या सप्टेंबरमध्ये चीनने साधारण तेराशे वर्षांची राजपरीक्षा बंद केली. आता सरकारी नोकरी कशी मिळवायची? परदेशी शाळेचं सर्टिफिकेट. त्यात त्याच वर्षी जपानने रशियाला हरवलेलं. झुंबड उडाली. 1902 मध्ये पाचशेच्या आसपास असलेले विद्यार्थी 1905-06 मध्ये आठ हजारांवर, काही जण दहा हजारही म्हणतात. मग सहा महिन्यांचे, वर्षाचे "झटपट" कोर्स निघाले, दुभाष्या उभा करून शिकवायचं, भाषा शिकायचीही गरज नाही. चिनी शिक्षण खात्यानेच 1907 च्या सुमारास हिशोब मांडला तर साधारण साठ टक्के पोरं झटपट कोर्सवाली आणि विद्यापीठापर्यंत पोचलेले शंभरात एक.

वर जपानच्या शिक्षण खात्याने नोव्हेंबर 1905 मध्ये चिनी विद्यार्थी घेणाऱ्या शाळांसाठी नियम काढले, वसतिगृहावर नजर ठेवा, वर्तन बरं नाही म्हणून एका शाळेने काढलेल्याला दुसरीने घेऊ नका, वगैरे. विद्यार्थी भडकले, हजारोंनी वर्ग सोडले. आसाही वृत्तपत्राने त्यांना "स्वैर आणि नीच" म्हटलं. चेन त्येनह्वा हा तिशीतला लेखक-विद्यार्थी, त्याने ते शब्द मनाला लावून घेतले, आपल्या लोकांनी हे शब्द खोटे ठरवावेत असं पत्र लिहून ठेवलं आणि 8 डिसेंबर 1905 ला ओमोरीच्या समुद्रात जीव दिला. चिउ जिन याच संतापात परत गेली. हे सगळं शिक्षणाच्या इतिहासात धरायलाच पाहिजे, तळटीप म्हणून नाही.

मृण्मयी_प

अभयराव, हे यायलाच हवं होतं. यानोंचं पत्र तर माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू आहे. चिनी दरबाराला राजनिष्ठ कारकून हवे होते, जपानी सरकारला जपानधार्जिणे अधिकारी हवे होते, आणि तयार काय झालं तर क्रांतिकारक. ऑगस्ट 1905 मध्ये सन यत-सेन यांनी टोकियोत तुंगमेंगहुई ही क्रांतिकारी संघटना स्थापन केली तिच्यातले बहुतेक सदस्य तिथले विद्यार्थी. 1911 मध्ये वुचांगला मांचू राजवट उलथवणारा उठाव झाला तेव्हा जपानमधली मुलं पुस्तकं टाकून बोटी धरून घरी गेली.

फक्त झटपट कोर्सबद्दल थोडं वेगळं मत. सगळा धंदाच नव्हता. होसेइ विद्यापीठाचा कायद्याचा झटपट वर्ग 1904 ते 1908 चालला, फान युआनल्येन या चिनी विद्यार्थ्याने स्वतः उमे केनजिरो यांना गळ घालून सुरू करवला, आणि उमे म्हणजे जपानचा दिवाणी कायदा लिहिणाऱ्यांपैकी एक, लहानसहान माणूस नव्हे. तिथून निघालेले कितीतरी जण 1909 च्या प्रांतिक सभांमध्ये बसले. अर्धवट का होईना, पण चीनला संविधान, प्रतिनिधी सभा हे शब्द बोलणारे लोक तिथून मिळाले.

आणि गुणवत्ता घसरतेय हे दोन्ही सरकारांना कळलं होतं. 1906 मध्ये चीनने झटपट कोर्सला मुलं पाठवणं बंद केलं आणि 1907 मध्ये पाच जपानी सरकारी संस्थांशी करार केला, 1908 पासून 15 वर्षं, दर वर्षी 165 विद्यार्थी, खर्च चीनचा. पहिल्या उच्च विद्यालयात 65, तंत्र विद्यालयात 40, शिक्षक विद्यालयात 25, यामागुचीच्या वाणिज्य विद्यालयात 25, चिबाच्या वैद्यकीयला 10. संख्या पडली पण शिक्षण खरं झालं. पुढे कवी म्हणून गाजलेले क्वो मोरुओ याच वाटेने आले आणि क्युशू विद्यापीठात वैद्यक शिकले.

टिळकरोड

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि वर बरंच काही. परत गेलेल्या मुलांचं गावाकडे काय व्हायचं? लोक स्वीकारायचे का?

शाळामास्तर

याचं एक छान उदाहरण आहे. माओंनी स्वतः सांगितलेलं. ते पोरसवदा असताना हुनानमधल्या तुंगशान शाळेत जपानहून शिकून आलेला एक मास्तर होता, इंग्रजी आणि संगीत शिकवायचा. त्याने जपानमध्ये वेणी कापलेली, पण गावात वेणीशिवाय फिरणं शक्य नाही म्हणून खोटी वेणी लावायचा. मुलं त्याला "नकली परदेशी भूत" म्हणून चिडवायची. पण त्याच्या तोंडून जपानच्या गोष्टी ऐकायला माओंना आवडायचं, त्याने शिकवलेलं जपानी गाणं त्यांना वर्षानुवर्षं लक्षात होतं. पुढे चांगशाला माओंवर ज्यांचा सगळ्यात जास्त प्रभाव पडला ते यांग चांगजी, तेही कानोंच्या शाळेतून गेलेले.

सरकारनेही गंमतच केली होती. परतलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना राजपरीक्षेच्याच जुन्या पदव्या द्यायचे.

जपानी मास्तरही चीनमध्ये मोठ्या संख्येने आले, 1906 च्या सुमारास पाचशे-सहाशे. बीजिंगच्या विद्यापीठात शिक्षक प्रशिक्षण उभं करायला हात्तोरी उनोकिची आले, 1902 ते 1909. हा माणूस 1900 मध्ये बॉक्सरांच्या वेढ्यात बीजिंगच्या वकिलातींमध्ये अडकलेला होता, आणि तरी दोन वर्षांनी त्याच शहरात शिकवायला आला. स्थानिक शिक्षक तयार होत गेले तसे हे लोक कमी होत गेले.

आता ओहोटीचं सांगतो. 1912-13 मध्ये प्रजासत्ताकाने नवी व्यवस्था आणली, तिची सुरुवात छाय युआनपेई शिक्षणमंत्री असताना झाली. सांगाडा अजून जपानीच, फक्त राजनिष्ठा काढली, प्राथमिक शाळेतलं ग्रंथपठण काढलं. पण 1915 मध्ये जपानने चीनवर हक्क सांगणाऱ्या एकवीस मागण्या पुढे केल्या आणि मनं कायमची फाटली. तिकडे अमेरिकेने बॉक्सर बंडानंतर चीनकडून घेतलेल्या खंडणीतला जादा पैसा परत करून 1909 पासून मुलं न्यायला सुरुवात केली होती, त्यातून चिंगह्वा विद्यापीठ उभं राहिलं. एका देशाने खंडणी परत करून शिष्यवृत्त्या दिल्या, दुसरा मागण्या घेऊन दारात उभा, मग पालक पोराला कुठे पाठवणार? 1919 च्या मे महिन्यात विद्यार्थी जपानविरोधात रस्त्यावर उतरले आणि त्याच आठवड्यात अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई, तेही जपानहूनच, शांघायला पोचलेले होते. दोन वर्षांहून जास्त राहिले, गावोगाव भाषणं. 1922 मध्ये चीनने शाळेची सहा-तीन-तीन वर्षांच्या टप्प्यांची अमेरिकी रचना घेतली. आणि हे बघा, जपानने हीच सहा-तीन-तीन घेतली 1947 मध्ये, अमेरिकी ताब्यात असताना.

अभय_सातारकर

मास्तर, आणि त्यानंतर मांचुकुओ, म्हणजे जपानने उभं केलेलं बाहुलं राज्य. 1932 पासून ईशान्य चीनमध्ये जपानी शिक्षण म्हणजे बंदुकीच्या धाकाने शिकायची भाषा. ज्यांच्या आजोबांनी हौसेने जपानी शिकली त्यांच्या नातवांना ती सक्तीने शिकावी लागली. 1937 नंतर जपानमधले बहुतेक चिनी विद्यार्थी परत गेले. 1949 नंतर तर मॉस्कोकडेच तोंड, विद्यापीठांची फेररचना सुद्धा सोव्हिएत नमुन्यावर.

निनाद_टोकियो

पण ती गोष्ट तिथे संपली नाही. 1978 च्या ऑक्टोबरमध्ये चीनचे नेते डेंग श्याओपिंग जपानला आले, निस्सानचा कारखाना पाहिला, शिनकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये बसले. राखेतून उठलेला देश तीस वर्षांत इथे कसा पोचला हा प्रश्न चीनला परत पडला, आणि उत्तरांत शाळा आल्याच. 1979 मध्ये चांगचुनला, म्हणजे जुन्या मांचुकुओच्या राजधानीतच, जपानला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी शाळा निघाली. जपानचे पंतप्रधान ओहिरा यांच्या भेटीनंतर 1980 ते 85 बीजिंगमध्ये जपानीच्या चिनी शिक्षकांचं प्रशिक्षण चाललं, साधारण सहाशे जण शिकले, लोक त्याला ओहिरा शाळाच म्हणतात. आज चीनमध्ये जपानी शिकवणाऱ्या बऱ्याच जणांचे गुरू किंवा गुरूंचे गुरू तिथले आहेत.

1983 मध्ये जपानचे पंतप्रधान नाकासोनेंनी एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचं लक्ष्य ठेवलं, 2003 मध्ये ते गाठलं तेव्हा दोन तृतीयांशच्या आसपास चीनचे होते. इथे भाषाशाळेत, कोंबिनीच्या (चोवीस तास उघड्या दुकानाच्या) रात्रपाळीत, प्रयोगशाळेत, सगळीकडे चिनी मुलं, आणि त्यातली कितीतरी प्राध्यापक होऊन इथेच राहिली.

सुलभाताई

आणि या वेळी पालकही बघायला लागले, फक्त सरकार नाही. 1992 मध्ये आतल्या मंगोलियात चिनी आणि जपानी मुलांचं एकत्र शिबिर झालं, पाठीवर ओझं घेऊन चालायचं. 1993 मध्ये त्यावर एक लेख आला की जपानी मुलं आजारी असूनही चालत राहिली आणि आपली मुलं सामान गाडीत टाकून मोकळी झाली, जपानी आजोबा नातवाला शिबिरात सोडून निघून गेले. सगळ्या चीनमध्ये वाद पेटला, एकुलत्या एक मुलांना आपण लाडावतोय का वगैरे. लेखातले तपशील बरोबर नाहीत म्हणून नंतर आक्षेपही आले, पण चर्चा थांबली नाही.

मग तोत्तोचान. आपल्याकडे मराठीत ते पुस्तक किती घरांत आहे, तसंच चीनमध्येही, तिथे तर एक कोटीच्या वर प्रती गेल्यात. रेल्वेच्या डब्यातले वर्ग, मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे हेडमास्तर. शंभर वर्षांपूर्वी चीन जपानकडून वेळापत्रक आणि कवायत घेत होता, आता त्यांच्याकडची मुलाचं ऐकणारी शाळा घेतोय. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

मृण्मयी_प

सुलभाताई, त्याला जोडून अजून एक नाव, सातो मानाबू. टोकियो विद्यापीठात पूर्वी प्राध्यापक असलेले, मुलांनी चौघाचौघांच्या गटात एकमेकांकडून शिकायचं आणि शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग उघडे ठेवायचे असं सांगणारे. चीनच्या शाळांनी त्यांना अक्षरशः उचलून धरलंय, चिनी भाषांतरं भरपूर खपतात, ते स्वतः तिथल्या शेकडो वर्गांत बसून आलेत.

उलट जपानने 2002 पासून अभ्यास कमी करून जे "सैल" शिक्षण आणलं होतं आणि नंतर मागे घेतलं, त्याचं उदाहरण चीनमध्ये 2021 च्या गृहपाठ आणि क्लास कमी करायच्या धोरणावर वाद घालताना दोन्ही बाजूंचे लोक देतात. कुणी म्हणतं बघा पोरं मागे पडली, कुणी म्हणतं बघा ओझं कमी करता येतं. आता कुणालाच जपानचा सगळा आराखडा उचलायचा नाहीये, जो तो आपल्या वादापुरतं जपान घेतो. निनाद, तिकडच्या शिक्षकांशी तुझं बोलणं होत असेल तर विचार ना, चिनी शिक्षकांचे जे गट वर्ग बघायला येतात ते नेमकं काय टिपून घेतात? वू रुलुन यांनी टिपलं त्याच्याशी ताडून बघायचंय मला.

निनाद_टोकियो

विचारतो नक्की. एक आत्ताच सांगू शकतो, शाळेतलं दुपारचं जेवण आणि मुलांनी स्वतः केलेली साफसफाई, याचे व्हिडिओ चिनी पाहुणे सगळ्यात जास्त काढतात. गणिताच्या तासापेक्षा जास्त वेळ ते फडकी कशी धुतात ते बघत उभे असतात. बाकी विचारून लिहितो.